एकशे एकोणतिसावा

मावळात कुणाच्या हातात काठी दिसली, तर ती कशासाठी हे विचारावं लागत नाही. जनावरं वळायला, साप मारायला, पावसाळ्यात ओढ्याचा ठाव घ्यायला, किंवा बांधाची मोजणी असेल त्या दिवशी नुसतीच हातात असावी म्हणून. चकदेच्या काठीचा उपयोग मात्र नाणे मावळाला अजून उमगलेला नाही. ती खाली वाकडी आहे, कार्बनची आहे, आणि तिची किंमत ऐकल्यावर त्याचे वडील, नाना, एवढंच म्हणाले होते, "एवढ्यात इंद्रायणीचं बी, खत आन् वर आवणीची मजुरी निघाली असती."

चकदे हे अर्थातच त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. २००७ साली तो सिनेमा आला. त्यानंतर काही वर्षांनी हा पोरगा सुट्टीत बालेवाडीहून हॉकीची स्टिक घेऊन घरी आला आणि गावानं दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. सिनेमात मुलींचा संघ होता, हे त्यानं सुरुवातीला बऱ्याच जणांना समजावून पाहिलं. मग सोडून दिलं.

आज तो सव्विशी ओलांडलेला गडी आहे. व्यवसाय हॉकीपटू. म्हणजे बँकेच्या फॉर्मवर तो तसं लिहितो, आणि काउंटरवरच्या मॅडम पेन खाली ठेवून विचारतात, "ते झालं हो, पण करता काय?"

करतो काय, तर पहाटेची लोकल पकडून कामशेतहून पिंपरीला जातो. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं हॉकीचं मैदान आहे, तिथं सराव. पाठीला जवळजवळ त्याच्याएवढी पिशवी. डब्यातले दूधवाले आणि पहिल्या पाळीचे कंपनीवाले या पिशवीवर बरेच तर्क लढवून मोकळे झाले आहेत. तळेगावला चढणाऱ्या एका काकांना ती कित्येक महिने गिटार वाटत होती. त्यांनी पुतणीच्या हळदीला वाजवायला येतोस का म्हणून सुपारीही विचारली होती. पिशवी बरोबर ओळखतो तो फक्त लोणावळ्याहून बसून आलेला आयएनएस शिवाजीतला एखादा नौसैनिक. तो हिंदीत विचारतो, "कौनसी पोझिशन खेलते हो?" त्या एका प्रश्नावर चकदेचा आठवडा निघतो.

याच मार्गावर पुढं खडकी लागतं. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या स्टिका बांधून खेळलेला धनराज पिल्ले तिथला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. चकदेचा पास पिंपरीपर्यंतचाच आहे. मग कासारवाडी, मग दापोडी, मग खडकी. धनराज त्याच्या कायम तीन स्टेशनं पुढं.

मावळात खेळाला मान नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. पहिला मान बैलाचा. शर्यतीच्या घाटात ज्याच्या गाड्याची बारी जमली, त्या बैलाचा वाढदिवस होतो, केक कापतात आणि चौकात फ्लेक्स लागतो. दुसरा मान पैलवानाचा, तिसरा कबड्डीवाल्याचा. क्रिकेट तर आमच्या तालुक्यातच मुक्कामाला आलं आहे. गहुंज्याचं आंतरराष्ट्रीय मैदान मावळात येतं आणि द्रुतगती मार्गावरून जाताना दिसतंही. २०१२च्या डिसेंबरात भारत आणि इंग्लंड तिथं खेळले. सामना असला की आमच्याकडच्या पोरांना पार्किंगची कामं मिळतात. चकदेनंही तिथं शिट्टी घेऊन गाड्या लावल्या आहेत. आंतरराष्ट्रीय मैदानाच्या इतक्या जवळ तो पुन्हा गेलेला नाही.

हॉकी त्याच्या वाट्याला आली ती मोजपट्टीतून. शाळेत क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या झाल्या. तीस मीटर पळ, आठशे मीटर पळ, मेडिसिन बॉल फेक, जागेवरून उंच उडी मार, बसून पुढं वाक. गुरं वळून वळून पाय तयार झालेले, त्यामुळं पळण्याचे सगळे गुण याला पडले. शासनानं पोराला बालेवाडीला नेलं, खाऊ घातलं, शिकवलं आणि हातात स्टिक दिली. नानांना वाटलं, सरकारनंच नेलाय म्हटल्यावर सरकारी नोकरी आलीच. माझ्या मते या घरातल्या पुढच्या साऱ्या घोटाळ्याचं मूळ त्या एका समजुतीत आहे. नाना आजही 'पोरगं हॉकी खेळतं' असं म्हणत नाहीत. 'पोरगं बालेवाडीला लागलं होतं' म्हणतात.

पोराचं चुकलं ते खेळात नव्हे, जन्मतारखेत. तो आठवीत होता तेव्हा, २०१२ला, वर्ल्ड सिरीज हॉकी नावाचं प्रकरण आलं. त्यात पुण्याचा स्ट्रायकर्स नावाचा संघ होता आणि तो थेट अंतिम फेरीत गेला. तिथं शेर-ए-पंजाबनं हरवलं, पण पोराच्या डोक्यात शिरायचं ते शिरलं. आपल्या गावाच्या नावाचा संघ असतो, त्यात पैसे असतात, आपण मोठे झालो की त्यात जायचं. तो मोठा होईस्तोवर थांबायला ती स्पर्धा तयार नव्हती. तिचा दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३पासून हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तीत मुंबईचा संघ होता. हा एकोणीस वर्षांचा झाला, अंगात भरला, आता याला कुणीतरी घेणार असं प्रशिक्षक म्हणू लागले, आणि २०१७च्या हंगामानंतर लीगच बंद पडली. मग दोन वर्षं करोनानं नेली. लीग परत आली ती २०२४च्या डिसेंबरात, सात वर्षांनी. तोवर मुंबईचा संघ गेलेला. आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नाही. प्रत्येक संघात ज्युनियर पोरांसाठी चार जागा राखीव, पण हा आता सिनियर. रेल्वेच्या क्रीडा कोट्याला वयोमर्यादा पंचवीस, आणि याला सव्विसावं लागलेलं. रेल्वे त्याच्या दारावरून दिवसरात्र धावते, नोकरीची तेवढी निघून गेली.

योगायोग बघा. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं बंद पडल्या आणि २०२१च्या डिसेंबरात त्यांना परवानगी मिळाली. तेही सातच वर्षं. त्या सात वर्षांत बैलांसाठी मोर्चे निघाले, विधानसभेत कायदा झाला, आमदार-खासदार झाडून कामाला लागले. हॉकी लीगसाठी नाणे मावळातून एक निवेदनही गेलं नाही. चकदेनं ही तुलना एकदा पारावर करून पाहिली होती. म्हातारे शांतपणे म्हणाले, "आरं, बैल घरी बसून खातोय, त्याची काळजी करायलाच पायजे." चकदेही घरी बसून खात होता, हे कुणी बोललं नाही. मावळी माणूस तसा सभ्य असतो.

आता हिशेब. हा हिशेब चकदेनं मला लोकलमध्ये तिकिटाच्या पाठीवर करून दाखवला आहे. संघ आठ. प्रत्येक संघात चोवीस खेळाडू. त्यातले आठ परदेशी. राहिले सोळा भारतीय. आठ सोळं एकशे अठ्ठावीस. "काका, माझा नंबर एकशे एकोणतीस," तो म्हणाला. "कशावरून?" मी विचारलं. "एकशे अठ्ठाविसावा माझ्याबरोबर खेळलाय. त्याला काय येतं मला ठाऊक आहे."

यातला विनोद सोडा, पण गडी खरोखरच चांगला खेळतो. या एवढ्या मोठ्या देशात तो पहिल्या दोनशेंत असेल असं जाणकार सांगतात. देशातला दोनशेवा डॉक्टर असता तर लोणावळ्यात तुंगार्लीला त्याचा बंगला असता आणि आपण अपॉइंटमेंटसाठी बाहेर बसलो असतो. देशातला दोनशेवा वकील तर आपल्याला परवडलाच नसता. हॉकीतला दोनशेवा माणूस मात्र कामशेतच्या फलाटावर वडापाव खातो आणि मिरची माझ्या हातावर ठेवतो, कारण प्रशिक्षकांनी तिखट बंद केलं आहे.

त्याची मैदानावरची जागाही अशी की टाळ्या दुसऱ्यालाच पडाव्यात. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून सुसाट सुटून थेट चेंडू मारणाऱ्याच्या अंगावर जायचं, हे याचं काम. पहिला रशर म्हणतात त्याला. समोरून चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं येतो. तो स्टिकला लागला तर उत्तम, गुडघ्याला लागला तरी संघाला चालतं. त्याच्या अंगावरच्या खुणा त्याला तारीखवार पाठ आहेत. नानांनी मोबाइलवर हे एकदा पाहिलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मार समोरनं येतोय, तर ह्यो पुढं का पळतो? आपल्या गाड्याम्होरं घोडी पळती, तिला निदान पाठीमागनं तरी येतंय."

या धंद्यात बोलावणं फोनवर येतं. कुठल्या तरी खात्याच्या संघातला कायमचा खेळाडू दुखावतो, किंवा त्याच्या घरी लग्न निघतं, आणि आदल्या रात्री चकदेला निरोप येतो. मग लोणावळ्याहून सिंहगड एक्स्प्रेस, दारात उभं राहून मुंबई, चर्चगेटजवळचं महिंद्र मैदान, जर्सी दुसऱ्याच्या मापाची. प्रवासखर्च, जेवण आणि वर एक पाकीट. एका सामन्यात त्यानं पहिला गोल केला आणि दोन पेनल्टी कॉर्नर अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी पेपरात चार कायम नोकरीवाल्यांची नावं आली आणि पुढं 'आदींनी चमकदार खेळ केला' असं होतं. ते कात्रण त्यानं लॅमिनेट करून ठेवलं आहे. 'आदीं'च्या खाली निळ्या पेनानं रेघ आहे.

फोन आला नाही तरी मोठ्या माणसांची वाक्यं येत असतात. 'तयार राहा' म्हणजे आत्ता काही नाही. 'बघतो' म्हणजे बघितलेलं आहे. 'तू आमच्या नजरेत आहेस' हे सर्वांत वाईट, कारण ते ऐकून माणूस आणखी एक वर्ष थांबतो. 'फिटनेस ठेव' याचा अर्थ लावायचं त्यानं सोडून दिलं आहे. तो फिटनेस ठेवतो. पावसाळ्यात विसापूरच्या वाटेनं पळत वर जातो आणि भाज्याच्या बाजूनं उतरतो. वाटेतले पर्यटक त्याला रस्ता विचारतात आणि फोटो काढायला मोबाइल हातात देतात.

पोट भरायला मात्र लोणावळा आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या शुक्रवारी बसगाड्या भरून रिसॉर्टांवर येतात. त्यांना टीम बिल्डिंग करायचं असतं. रिसॉर्टवाला चकदेला पांढरे बूट घालून उभा करतो आणि 'इंटरनॅशनल लेव्हलचे कोच' म्हणून ओळख करून देतो. हा त्या साहेबलोकांना रस्सीखेच, लिंबू-चमचा आणि प्लास्टिकच्या स्टिकांची हॉकी खेळवतो. नियम एकच, सगळ्यांनी खेळायचं, राखीव कुणी नाही. जेवणाआधी प्रत्येकाला पदक मिळतं. एका शनिवारात त्या रिसॉर्टवर जेवढी पदकं वाटली जातात, तेवढी चकदेच्या भिंतीवर सगळ्या कारकिर्दीची मिळून नाहीत. बाकी आठवड्यात तो एका शाळेत तासिका तत्त्वावर पीटी घेतो, आणि कुणी भेटलंच तर पवना धरणाकडचे एनए प्लॉटही दाखवतो. प्लॉटही त्याच्यासारखेच आहेत. सगळे बघून जातात.

मोठं नाटक झालं ते २०२४च्या ऑक्टोबरात. लीगचा लिलाव दिल्लीला होणार होता. चकदेनं नाव नोंदवलं, रक्कम सर्वांत खालच्या पायरीची लिहिली, दोन लाख, आणि घरी चुकून बोलून गेला. नानांनी ते सोसायटीच्या चेअरमनना सांगितलं. सोसायटीत सांगितलेली गोष्ट वडगावच्या तहसील कचेरीपर्यंत जायला एक बाजारवार पुरतो. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'हॉकी इंडिया लीगमध्ये निवड झाल्याबद्दल मावळरत्न यांचे हार्दिक अभिनंदन.' वर राज्यातल्या नेत्यांचे फोटो, मग तालुक्यातल्या नेत्यांचे, खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस चेहरे, आणि कोपऱ्यात खेळाडू. फ्लेक्सवाल्याकडं चकदेचा फोटो नव्हता. त्यानं नेटवर हॉकीपटू शोधला आणि बर्फावरच्या हॉकीचा चिलखत घातलेला, दोन दात पडलेला एक गोरा माणूस लावून दिला. गावात कुणीही आक्षेप घेतला नाही. आई तेवढी म्हणाली, "वाळलाय गं माझा लेक."

पुरुषांच्या लिलावाच्या दोन्ही दिवशी कामशेतच्या एका मिसळीच्या हॉटेलात साखरेच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला. भोवती सगळी बैलवाली मंडळी. बोलीतलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. सूरमा क्लबनं हरमनप्रीत सिंगला अठ्ठ्याहत्तर लाखांना घेतलं तेव्हा एक जण दाढी खाजवत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर? कुठल्या गोठ्यातला?" पॅरिसला ब्राँझ मिळवलेल्या संघाचा कप्तान आहे, असं चकदेनं सांगितल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. घाटाचा राजा म्हटल्यावर भाव जाणारच. मग दहा लाखवाले, पाच लाखवाले आणि मग दोन लाखवाले आले. ओडिशाच्या सुंदरगडकडची पोरं पटापट जाऊ लागली. तिकडं लहान मुलाच्या हातात हॉकी दिसली तर कुणी आश्चर्य करत नाही, आणि त्यांचं सरकार २०१८पासून भारताच्या संघाचं प्रायोजक आहे. चहाचे ग्लास तीनदा फिरले. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. लिलाव संपला, पण चकदेचं नाव निघालंच नाही.

बोली लागून न विकलेला बैल आणि बाजारात ज्याचं दावंच कुणी सोडलं नाही तो बैल, यांत फरक असतो. मंडळींना तो कळत होता, म्हणून कुणी काही बोललं नाही. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, याचाच चकदेला जास्त राग आला.

फ्लेक्स मात्र दिवाळीपर्यंत होता. तो वाचून आंदर मावळातून एक स्थळ आलं. मुलगी पतसंस्थेत कामाला. बरोबर मुलीचे मामा, देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला पगाराची पावती वाचल्याशिवाय माणूस कळत नाही. पोहे आले. मामांनी खोबरं बाजूला केलं आणि विषयाला हात घातला.

"बेस दोन लाख म्हनं?"

"व्हय," नाना म्हणाले.

"म्हंजे बेसिकच म्हणायचं की ओ ते."

"तसंच ते."

"मग त्याच्यावर डीए किती पडतो?"

नानांनी चकदेकडं पाहिलं. चकदेनं आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. तो अंगठा दोनदा मोडलेला आहे.

"डीए अजून जाहीर व्हायचाय," नाना म्हणाले.

शेजारधर्म म्हणून मीही तिथं बसलो होतो, आणि पोह्यांत तोंड घालून बसण्यापलीकडं मला काही सुचलं नाही. शेवटी चकदेच बोलला. "मामा, तो पगार नाही. लिलावाची बोली आहे. एखाद्या संघानं घेतलं तर दोन लाख. तेही वर्षातून एकदा, महिना-सव्वा महिन्याच्या सामन्यांचे."

"घेतलं तर म्हंजे?"

"म्हणजे घेतलं तर."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर मी इथंच असतो."

मामांनी पोहे संपवले, पाणी प्यायले आणि भिंतीवरची पदकं एकेक करून पाहिली. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं, त्याचं काय झालं, असंही विचारलं. प्रमाणपत्रांची पडताळणी, भरती, लेखी परीक्षा हे सगळं चकदेनं सांगितलं. पोलीस भरतीत सोळाशे मीटर पळण्यात तो सगळ्यांच्या पुढं होता आणि लेखीत अंकमालिकेत अडकला, हेही सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती, पण पोरगं सरळ आहे. मामा उठले, नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बघतो. कळवतो."

नाना खचले. चकदेला मात्र हे वाक्य इतकं ओळखीचं होतं की तो सवयीनं "थँक्यू सर" म्हणून गेला.

त्यानंतर तो सुधारला असं म्हणता येणार नाही. पहाटेची लोकल चालू आहे. आता तो बारकी पोरं घेऊन गावच्या खळ्यावर शिकवतोही. टर्फ नाही, स्टिका चार, बाकीच्यांना निरगुडीच्या वाकड्या फांद्या. त्यातली एक पोरगी चेंडू असा ओढून मारते की खळ्याच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं पाय वर घेतात. तिची आई परवा चकदेला विचारत होती, "ह्यात पुढं काय असतं ओ?" चकदे म्हणाला, "वहिनी, पुढं बरंच असतं," आणि घाईघाईनं चेंडू आणायला गेला.

मध्यंतरी पुढच्या लिलावाच्या नोंदणीचा विषय निघाला. चकदे ओट्यावर मोबाइल घेऊन फॉर्म भरत होता. नाना बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. मामांचा फोन येऊन गेला होता. डीएचं काही झालं का विचारत होते.

"किती टाकतोस?" नानांनी विचारलं.

"दोनच. दुसरं काय टाकणार?"

"पाच टाक."

"नाना, दोनला कुणी घेईना. पाचला कोण घेणार?"

नानांनी दुसऱ्या शिंगाला हात घातला. "आरं, घेत तर न्हाईतच. मग पाच टाकाय काय जातंय? निदान मामास्नी सांगाय तरी बरं."